तिच्या जागी कोण बसणार?

सन २०१० मध्ये वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात बॉब डोल हे वयोवृद्ध गृहस्थ कित्येक महिने उपचार घेत होते. युरोपातील दुसरे महायुद्ध संपायला काही आठवडेच उरले असताना, एप्रिल १९४५ मध्ये, इटलीतील रणभूमीवर ते जबर जखमी झाले होते. उजवा हात कायमचा अधू झाला. तरीही पुढे ते अनेक वर्षे सिनेटर राहिले आणि १९९६ साली त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही लढविली. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ डोल यांनी स्वतः दोनदा मंत्रिपद आणि एकदा सिनेटचे सदस्यत्व भूषविलेले. परंतु रुग्णालयात त्यांची ओळख एकच होती, रुग्णाच्या उशाशी बसणारी पत्नी. तेथेच त्यांना अशा इतर पत्नी भेटू लागल्या. इराक आणि अफगाणिस्तानातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांच्या त्या तरुण बायका होत्या. काही खाटांजवळ बायकोऐवजी आई बसलेली असे.

या स्त्रियांचे रुग्णालयातून घरी गेल्यावर काय होते, हा प्रश्न एलिझाबेथबाईंच्या मनात तेथे रुजला. २०१२ मध्ये त्यांनी आपल्या नावे एक संस्था काढली आणि आरंभीच मोजणीचे काम हाती घेतले. ज्याची वहीत नोंद नाही त्याचा हिशेब कोणी मागत नाही, हे आपणा व्यापारी घरांना कोणी शिकवायला नको. रँड या संशोधन संस्थेने ही मोजणी केली आणि २०१४ मध्ये आकडा बाहेर आला. जखमी अथवा आजारी सैनिकांची व माजी सैनिकांची घरच्या घरी शुश्रूषा करणारे सुमारे ५५ लाख लोक अमेरिकेत होते. त्यांतील ११ लाख हे २००१ नंतर सेवेत असलेल्यांचे आप्त होते. या ११ लाखांतील जवळजवळ चाळीस टक्क्यांमध्ये नैराश्याची स्पष्ट लक्षणे आढळली. ज्यांच्यावर कोणाच्याही शुश्रूषेची जबाबदारी नाही, अशा लोकांत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. आणि निम्म्याहून अधिक जणांच्या हाताशी दुसरे माणूसच नव्हते. सकाळपासून रात्रीपर्यंत, आणि पुष्कळदा रात्रीही, एकटेच.

मराठीत मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्या आप्ताला ‘शुभंकर’ म्हणण्याचा एक सुंदर प्रघात पडला आहे. या लेखात तोच शब्द वापरतो. शब्द सुंदर असला तरी त्यामागचे दिवस सुंदर असतात असे मात्र नाही.

पाय गमावलेल्या सैनिकाची पत्नी आणि मेंदूला मार बसलेल्या सैनिकाची पत्नी यांच्या दुःखांत एक मूलभूत फरक आहे. इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत रस्त्याकडेला पेरलेल्या स्फोटकांनी हजारो सैनिक जखमी केले. चिलखत सुधारले होते, शस्त्रक्रिया तत्काळ होत होत्या, म्हणून पूर्वीच्या युद्धांत जे दगावले असते असे कित्येक जण वाचले. पण चिलखत छाती वाचविते. स्फोटाची लाट कवटीच्या आतील मेंदूला हादरा देते, तो चिलखताने थांबत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सन २००० पासून चार लाखांहून अधिक सैनिकांच्या बाबतीत मेंदूच्या दुखापतीचे निदान नोंदविले आहे. त्यांतील बहुतेक दुखापती सौम्य असतात, आणि पुष्कळशा तर रणांगणावर होतच नाहीत. सरावात, वाहनांच्या अपघातांत, पडझडीत होतात. सौम्य दुखापत झालेले बहुतेक जण पूर्ववत होतात. उरलेल्यांच्या घरांची ही कथा आहे.

कपाळामागे असलेला मेंदूचा भाग आपल्या रागाला लगाम घालतो, कामाचा क्रम लावतो, बोलण्यापूर्वी क्षणभर थांबायला सांगतो. तोच दुखावला, की माणसाचा चेहरा तोच राहतो, आवाज तोच राहतो, पण थांबणे नाहीसे होते. भांडे पडल्याच्या आवाजाने तो संतापतो. दहा मिनिटांपूर्वी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारतो. रात्री झोपत नाही. हातात पैसे आले तर नको त्या वस्तू घेऊन येतो. काही जण याच्या उलट होतात, कशातच रस घेत नाहीत. मुलाने शाळेतले बक्षीस दाखविले तरी चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना यातले काही दिसत नाही. अर्धा तास पाहुण्यांशी नीट बोलण्यापुरते बळ त्याच्यापाशी असते, आणि पाहुणे गेल्यावर त्याची किंमत घरच्यांना मोजावी लागते. ‘अहो, हे तर अगदी ठणठणीत दिसतात,’ हे वाक्य शुभंकराला सर्वांत अधिक एकाकी करणारे आहे.

पैशांचा उल्लेख आलाच आहे तर थोडे विषयांतर करतो. ज्या नवऱ्याच्या सहीवर घर चालत होते, त्याचेच चेकबुक पत्नीला लपवून ठेवावे लागते, ही गोष्ट व्यापारी कुटुंबाला किती जिव्हारी लागेल याची कल्पना करा. अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्याने यासाठी रीतसर व्यवस्था केली आहे. ज्या माजी सैनिकाला व्यवहार सांभाळणे शक्य नाही, त्याच्या भत्त्यासाठी विश्वस्त नेमला जातो आणि तो बहुधा घरचाच असतो. व्यवस्था योग्यच आहे. पण त्या दिवसापासून पत्नी ही नवऱ्याची मुनीम होते, आणि मुनिमाला मालकावर पहारा ठेवावा लागणे हे काही सुखाचे नाते नव्हे. तिच्या मनात अपराधाची भावना येते. ती कोणापुढे बोलायची?

या दुःखाला नाव देण्याचे मोठे काम पॉलिन बॉस या अमेरिकन विदुषीने केले. १९७० च्या दशकात त्यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. त्या घरांत मृतदेह आला नव्हता, बातमी आली नव्हती; माणूस नव्हता, तरी प्रत्येक निर्णयात तो होताच. बॉस यांनी या अवस्थेला जे नाव दिले त्याला मराठीत ‘संदिग्ध वियोग’ म्हणता येईल. पुढे त्यांना याचेच दुसरे रूप दिसले. माणूस समोर बसलेला आहे, जेवतो आहे, आणि तरीही जो होता तो नाही. स्मृतिभ्रंशाच्या आणि मेंदूच्या दुखापतीच्या घरांत हे रूप आढळते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने हा विचार सर्वदूर नेला.

आपल्याकडे मृत्यूनंतर दारात माणसे जमतात, दहावा-बारावा दिवस असतो, घराला रडण्याची मुभा असते. संदिग्ध वियोगाला दिवस नसतो. जिवंत नवऱ्यासाठी शोक करायचा कसा? केला तर लोक काय म्हणतील? म्हणून ती शोक दाबून ठेवते आणि तो निद्रानाश, डोकेदुखी, चिडचिड, पोटातली जळजळ अशा वाटांनी बाहेर येतो. बॉस यांचे म्हणणे असे, की अशा माणसाला ‘आता स्वीकार कर आणि पुढे चल’ असे सांगणे निरुपयोगी आहे, कारण ज्याचा शेवट झालेला नाही ते संपविता येत नाही. तो माझा नवरा आहे आणि तो पूर्वीचा नवरा नाही, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी मानायला शिकणे, एवढेच हाती असते. समुपदेशकाचे अर्धे काम तिला हे उच्चारू देणे हेच असते.

आणखी एक गोष्ट तिला उच्चारता यावी लागते, आणि तिच्याविषयी लिहायला लेखणी अडखळते. संतापाच्या भरात कधी हात उचलला जातो. दुखापत मेंदूची आहे, दोष त्याच्या स्वभावाचा नाही, हे तिला ठाऊक असते. म्हणूनच ती कोणाला सांगत नाही. पण कारण वैद्यकीय असले म्हणून लागलेला मार कमी लागत नाही. अशा घरात तिच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेचा विचार आधी, डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत कल्पना त्याच दिवशी, आणि सासर-माहेरच्या प्रतिष्ठेचा विचार सर्वांत शेवटी व्हायला हवा.

रुग्णालय ते घर हा प्रवास किती कठीण असतो, हे अमेरिकन जनतेला प्रथम ठळकपणे दिसले ते एका पत्रकारामुळे. बॉब वुडरफ हे एबीसी वाहिनीचे वार्ताहर २९ जानेवारी २००६ रोजी इराकमध्ये सैन्यासोबत असताना स्फोटात सापडले. मेंदूला गंभीर इजा होऊन ते ३६ दिवस बेशुद्ध होते. ते सैनिक नव्हते, पण सैनिकांवर जेथे उपचार होत त्याच लष्करी रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. त्यांची पत्नी ली, पदरी चार मुले. पती-पत्नींनी मिळून लिहिलेले पुस्तक २००७ मध्ये आले आणि त्याच वर्षी वुडरफ यांचा माहितीपटही प्रसारित झाला. त्यात त्यांनी स्वतःपुरते न बोलता, मोठ्या केंद्रात चांगली प्रगती केलेले सैनिक आपापल्या गावी गेल्यावर कसे मागे पडतात हे दाखविले. मोठ्या केंद्रात तज्ज्ञांचे पथक असते. गावात पथक म्हणजे बायको किंवा आई. औषधे तीच देणार, डॉक्टरांच्या वेळा तीच पाळणार, व्यायाम तीच करवून घेणार, सरकारी अर्ज तीच भरणार. नोकरी सुटते ती तिचीच.

अशाच पत्नी आणि माता अमेरिकेच्या संसदेच्या समित्यांपुढे जाऊन बोलू लागल्या. त्यातून ५ मे २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या सहीने एक कायदा झाला. गंभीर जखमी सैनिकाचा शुभंकर हा केवळ ‘नातेवाईक’ न राहता त्या कायद्याने स्वतंत्र लाभार्थी ठरला. त्याला प्रशिक्षण, दरमहा मानधन, दुसरा विमा नसल्यास आरोग्य विमा, स्वतःसाठी मानसिक समुपदेशन, आणि वर्षाला किमान ३० दिवसांची बदली. पुढच्याच वर्षी सामाजिक कार्यकर्ते ज्यावर उत्तर देतात अशी खास दूरध्वनी सेवाही सुरू झाली. घर सोडून समुपदेशकाकडे जाणे ज्यांना अशक्य, त्यांच्यासाठी सहा आठवड्यांची ऑनलाइन कार्यशाळा आहे. त्याच वाटेने गेलेला अनुभवी शुभंकर नवख्याचा हात धरतो अशी सोबतीची योजनाही आहे. माझ्या मते या दोन गोष्टींचे मोल मानधनाहून कमी नाही.

सगळे आलबेल झाले असे मात्र कोणी समजू नये. आरंभी हा लाभ २००१ नंतरच्या जखमींनाच होता. व्हिएतनाममधून परतलेल्या नवऱ्याला चाळीस वर्षे सांभाळणारी वृद्ध पत्नी त्यातून वगळली गेली. २०१८ च्या कायद्याने ही भिंत पाडायची ठरविले, पण प्रत्यक्षात ती २०२० आणि २०२२ अशा दोन टप्प्यांत पडली. त्यातच नवे निकष आले आणि फेरतपासणीत जुन्या लाभार्थ्यांपैकी अनेक जण अपात्र ठरू लागले. ओरड झाल्यावर २०२२ मध्ये खात्याने त्यांना वगळणे थांबविले. ज्या मानधनावर महिन्याचे किराणा अवलंबून, ते जाणार की राहणार या टांगणीचा मनावर काय परिणाम होतो, हे सांगायला मानसोपचारतज्ज्ञाची गरज नाही. जानेवारी २०२५ मध्ये एलिझाबेथ डोल यांच्याच नावाने आणखी एक कायदा झाला आणि घरी राहून होणाऱ्या शुश्रूषेवर खात्याला करता येणाऱ्या खर्चाची मर्यादा त्याने वाढविली. मुलांकडे लक्ष गेले ते त्याहून थोडे आधी, २०२१ मध्ये. अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या घरांत तेवीस लाख मुले वाढत आहेत, असे डोल संस्थेच्या अहवालाने दाखवून दिले. बाबांचा आवाज चढला की धाकट्या बहिणीला आतल्या खोलीत नेणारा दहा वर्षांचा मुलगा हाही शुभंकरच की.

या साऱ्या व्यवस्थेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती बदली. आपल्या दुकानाची साप्ताहिक सुट्टी ठरलेली असते. गुमास्ता गावी गेला तर त्याच्या जागी कोण बसणार हे आधी ठरते, मगच त्याला रजा मिळते. तिच्या जागी कोण बसणार हे मात्र कोणीच ठरवीत नाही. नातेवाईक निरोप घेताना म्हणतात, ‘काही लागलं तर सांग हं.’ हेतू शुद्ध असतो; पण सांगण्याचे काम पुन्हा तिच्यावरच येते, आणि जी आधीच थकलेली आहे ती सांगत नाही.

शिवाय बदली म्हणजे फक्त बसणे नव्हे. मेंदूला दुखापत झालेल्या माणसाला अनोळखी हात आणि बदललेला क्रम सहन होत नाही. म्हणून बदलीच्या माणसाने आधी दोन-चार वेळा तिच्या सोबतीने बसावे. औषधांच्या वेळा लिहून घ्याव्या. फिट आली तर काय करायचे, कोणत्या आवाजाने तो बिथरतो, दूरदर्शनसंच किती वेळ चालतो, थकवा चढू लागल्याची पहिली खूण कोणती, हे समजून घ्यावे. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग एक तास, मग सारी दुपार. आणि दिवस ठरलेला असावा. ‘जमेल तेव्हा येतो’ यात तिला काहीच हाती लागत नाही, कारण त्या वेळेवर ती आपले काही योजू शकत नाही.

शुभंकराच्या मनावरील भार मोजण्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन झॅरिट यांनी घडविलेली २२ प्रश्नांची मोजपट्टी जगभर वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण ८८. स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का, राग येतो का, आपण पुरे पडत नाही असे वाटते का, अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत. रुग्णाच्या तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी पाच मिनिटे पत्नीलाही हे विचारावे. त्यांनी नाही विचारले तर सोबत गेलेल्या दिराने किंवा भावाने ‘हिच्याकडेही पाहा’ असे म्हणावे. सतत झोप उडाली आहे, जेवण सुटले आहे, जगण्यात अर्थ नाही असे शब्द तोंडी येत आहेत, तर थांबू नये.

आपल्या राज्याचा या विषयाशी संबंध आहेच. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या सैनिकी परंपरेमुळे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, आणि अशी सैनिकांची घरे सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात जागोजाग आहेत. पूर्ण अपंगत्व आलेल्या सैनिकाला, वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीने, निवृत्तिवेतनासोबत सततच्या मदतनीसासाठी भत्ता मिळण्याची तरतूद आपल्याकडे आहे. त्याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करता येते. १४४१६ या क्रमांकावरील ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची विनामूल्य सेवा चोवीस तास असते, मराठीतून बोलता येते, आणि फोन करणारा स्वतः रुग्णच असावा लागत नाही. याच सेवेचा सैन्यदलांसाठीचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. आणि सैनिक नसलेल्या घरांतही मेंदूची दुखापत येते, ती दुचाकीवरून येते. तेथे मानधन नाही, विश्वस्त नाही. शुश्रूषा मात्र तीच.

आमच्या पेठेत असे एक कापडाचे दुकान आहे. धाकटा मुलगा मोटारसायकलच्या अपघातातून वाचला, पण पूर्वीचा राहिला नाही. घरी येणारा जो तो सुनेला ‘धन्य आहेस गं’ म्हणे, चहा घेई आणि जाई. मीही त्यांतलाच एक. दोन वर्षांनी तिच्या मोठ्या जावेने कोणालाही न विचारता ठरविले, की गुरुवारी बाजार बंद असतो, तर गुरुवारी दुपारी दोन ते सहा मी आणि हे भावोजींपाशी बसणार. पहिले दोन गुरुवार तिलाही सोबत बसविले, सगळे लिहून घेतले. तिसऱ्या गुरुवारी तिला म्हणाली, ‘आता तू जा.’ कुठे जायचे हे तिला सुचेना. ती माडीवर गेली आणि सहा वाजेपर्यंत झोपली. पुढचे तीन गुरुवारही झोपलीच. पाचव्या गुरुवारी ती खाली आली, बंद दुकानाची आतली कडी काढली, आणि लग्नाआधी शिकलेल्या हिशेबाच्या पद्धतीने उधारीची वही लावायला बसली.